पट्टा आवळण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

झोपेत श्वास अडकतो म्हणून, म्हणजे स्लीप ॲप्नियासाठी, तुमच्यापैकी काही जण रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावून झोपत असतील. यंत्र वर्षानुवर्षं चालतं, पण मास्क, नळी, फिल्टर झिजत राहतात. ते कधी बदलायचे?

इंटरनेटवर याचं एक वेळापत्रक सापडतं. नाकाच्या मास्कची कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, महिन्याला दोन; नळी दर तीन महिन्यांनी, पट्टे दर सहा महिन्यांनी. हे आकडे मूळचे अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याचे. विमा जास्तीत जास्त किती वेळा पैसे देईल, एवढंच ते सांगतात. त्या तारखेला वस्तू खराब होतेच असं नाही. आपल्याकडे हा खर्च बहुतेकांच्या खिशातून होतो, तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेवा आणि वस्तू हातात घेऊन बघा.

सगळ्यात आधी हार मानते ती कुशन. चेहऱ्याचं तेल आणि घाम लागून सिलिकॉन पिवळट, सैल, बुळबुळीत होतं. मग कडेने हवा सुटते, डोळ्यांवर येते, सकाळी डोळे कोरडे पडतात. अशा वेळी जो तो पट्टा आवळतो! नाकावर वळ उठतो आणि गळती तशीच राहते. पूर्वीच्या खुणेवर पट्टा पुरत नसेल, तर कुशन तरी गेलीय किंवा पट्ट्याचं इलॅस्टिक तरी. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा, स्पिरिट लावू नका, आणि रात्री तोंड धुऊनच मास्क चढवा. ती जास्त टिकते.

फिल्टरवर मात्र काटकसर नको, सगळ्यांत स्वस्त भाग तोच. शेजारी बांधकाम चालू असेल तर पांढरा फिल्टर पंधरवड्यातच करडा पडतो. तो धुऊन परत वापरायचा नसतो, टाकून द्यायचा.

हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्याने क्षारांचा पांढरा थर धरतो. टाकीला तडा गेला किंवा धुऊनही गुलाबी, काळपट डाग राहिले, तर नवी घ्या. नळी वाकवून उजेडात धरा, दोन्ही टोकांजवळ चीर दिसते का पाहा. पावसाळ्यात ती आतून वाळत नाही, रोज सकाळी लटकवून ठेवा.

नळीत काळे कण दिसले तर गोष्ट वेगळी. आवाज कमी करण्यासाठी यंत्राच्या आत बसवलेला फोम झिजतो म्हणून २०२१ साली फिलिप्सने आपली लाखो यंत्रं परत मागवली होती. असे कण दिसताच विक्रेत्याला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. उपचार आपल्या मनाने बंद करू नका.

आणि हो, नवी कुशन मागवण्याआधी जुन्या मास्कचं मॉडेल आणि साइज यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. एका मॉडेलची कुशन दुसऱ्याला सहसा बसत नाही, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेईलच असं नाही.