आभार नेमके असावेत
(दांडिया बाजार, बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, विद्यार्थी मित्रहो आणि सुजाण श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘संश्लेषी जीवशास्त्र आणि आपल्या मुलांचा प्रकल्प’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आज ज्यांचा सत्कार आहे त्या या मुलांनी पाण्यातले फ्लोराइड ओळखणाऱ्या जिवाणूंच्या आपल्या प्रकल्पाच्या अहवालाच्या शेवटी आभाराचे जे पान लिहिले आहे, त्याविषयी आधी बोलावे असे मला वाटते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझा सारा जन्म गेला, पण इतके चांगले आभाराचे पान माझ्या वाचनात आले नव्हते.

आपल्याकडे आभारप्रदर्शन कसे होते हे या सभागृहाला सांगायला नको. कार्यक्रम संपत आलेला असतो, मागच्या रांगांतली मंडळी चपला शोधू लागलेली असतात आणि ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य करणाऱ्या सर्वांचे’ आभार मानून, अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमा मागून, सूत्रसंचालक मोकळे होतात. सभेत हे एक वेळ चालेल. संशोधनात ते चालते याचे मला दुःख आहे. परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात विश्वस्तांपासून सासरच्या मंडळींपर्यंत सर्वांचे आभार होते, मात्र ज्या प्रयोगशाळा सहायकाने त्या संशोधकासाठी वर्षानुवर्षे माध्यमे, म्हणजे जिवाणूंचे खाद्य, शिजवली, १२१ अंशांवर निर्जंतुक केली आणि बशा ओतून दिल्या, त्याचा उल्लेख कोठेही नव्हता. मी मौखिक परीक्षेत विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “ते तर त्यांचे कामच होते.” काम तर मार्गदर्शकाचेही होते, आणि मार्गदर्शकाला त्याचा पगार अधिक मिळतो! (हशा) आपण हसलात, पण त्या सहायकाने माध्यमातील मीठ एकदा चुकवले असते तर तो प्रबंधच उभा राहिला नसता.

ही खोड जुनी आहे. जिवाणू वाढवण्यासाठी आपण जी घट्ट जेली वापरतो ती अगार, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरत असत, पण उन्हाळ्यात ते वितळे आणि कित्येक जिवाणू तर ते खाऊनच टाकत. वॉल्टर हेस हे तेथे काम करत होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी अगार वापरून पाहा असे सुचवले, कारण उन्हाळ्यातही न वितळणारे गोड पदार्थ त्या घरी अगारावरच करत आणि ती युक्ती त्यांना जावात राहून आलेल्या परिचितांकडून मिळाली होती. कॉख यांच्या १८८२ च्या क्षयरोगावरील लेखात अगाराचा उल्लेख आला, फॅनीबाईंचा आला नाही. पुढे १८८७ मध्ये काचेच्या झाकणाच्या बशीला पेट्री यांचे नाव मिळाले. आज जगातला प्रत्येक विद्यार्थी पेट्रीची बशी म्हणतो, आणि त्या बशीत काय ओतायचे हे जिने सांगितले तिची ओळख फारच थोड्यांना आहे. त्या एका लेखात एक ओळ वाढवायला कितीसा कागद लागला असता?

आता आपल्या मुलांचे पान. त्यातील एकच नोंद सांगते, जरा लांब आहे, पण अध्यक्षांनी मला तेवढी मुभा द्यावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तो आठवडा आपण सर्वांनीच काढला आहे. प्रयोगशाळेची वीज गेली. तेथे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये मुलांचे सारे जिवाणू होते आणि बाहेरचा डीएनए आत घेण्यासाठी तयार केलेल्या, एकदा वितळल्या की त्या कामाच्या न राहणाऱ्या पेशीही होत्या. मुले वसतिगृहात अडकलेली. प्रयोगशाळेचे सहायक, आमचे गुजराती सहकारी, कमरेएवढ्या पाण्यातून तेथे पोहोचले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर आत सगळे ठीक आहे ना म्हणून त्याने आधी दार उघडून पाहिले असते. त्यांनी दाराच्या मुठीला सुतळी गुंडाळली, वर चिकटपट्टी लावली आणि खडूने ‘खोलशो नहीं’ असे लिहिले. न उघडलेला फ्रीजर कित्येक तास थंडी धरून ठेवतो, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, तर अनेक पावसाळ्यांच्या वीजकपातीतून ठाऊक होते. मग त्यांनी आमच्या एका विद्यार्थिनीला फोन केला. तिने रावपुऱ्यातल्या मंडप-रोशणाईवाल्या काकांना विचारले. त्यांचे स्वतःचे गोदाम पाण्यात होते, तरी उंचावर ठेवलेला एक जनरेटर त्यांनी ट्रॅक्टरवर चढवून पाठवला. ती त्यांना प्रकल्प समजावू लागली तेव्हा ते म्हणाले, “ताई, आत काय ठेवलंय ते मला नंतर सांगा, किती वेळ चालवायचा तेवढं बोला.” डिझेलचे पैसे मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याने दिले. मुलांच्या पानावर हे सारे असेच लिहिले आहे: दार कोणी उघडू दिले नाही, जनरेटर कोणाचा, डिझेल कोणाचे. तो फ्रीजर वितळला असता तर आजचा हा सत्कार झालाच नसता.

बडोदेकरांना ही रीत परकी वाटू नये. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि तीन वर्षांसाठी होती. रक्कम आणि मुदत दोन्ही नोंदलेल्या आहेत, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या मदतीचे वजन आपल्याला कळते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा छापलेला विषय थोडक्यात सांगते.

गुजरातच्या अनेक भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दात आणि हाडे बिघडतात. २०१२ मध्ये येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने दाखवले की काही जिवाणूंच्या आरएनएचा, म्हणजे जनुकावरून पेशीत निघणाऱ्या प्रतीचा, एक तुकडा फ्लोराइड चिकटताच आपली घडी बदलतो आणि पुढचे जनुक चालू होऊ देतो. मुलांनी त्या तुकड्यापुढे रंग तयार करणारे जनुक जोडले. संश्लेषी जीवशास्त्र ते हेच: सजीवांतले सुटे भाग नव्या कामासाठी विचारपूर्वक जुळवणे. अडचण अशी की नेहमीचा ई. कोलाय जिवाणू आत आलेले फ्लोराइड बाहेर फेकतो, त्यामुळे रंग उमटतच नाही. फ्लोराइड बाहेर टाकणारे ते जनुक काढलेला वाण हवा होता, आणि तो दुसऱ्या शहरातील एका प्रयोगशाळेने विनामूल्य पाठवला. आभाराच्या पानावर ‘मार्गदर्शन लाभले’ असे न लिहिता ‘हा वाण दिला’ असे लिहिले, म्हणजे उद्या हाच प्रयोग करू पाहणाऱ्याला कोणाकडे जायचे ते समजते. म्हणून हे पान मी प्रयोगपद्धतीचाच भाग मानते.

विद्यार्थ्यांची आयजेम ही संश्लेषी जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील २००३ च्या एका हिवाळी अभ्यासक्रमातून सुरू झाली आणि २००४ मध्ये तिच्यात पाचच संघ होते. आपण स्वतः काय केले आणि इतरांनी काय करून दिले हे प्रत्येक संघाने स्पष्ट मांडले पाहिजे, असा तिचा नियम आहे. श्रेय वाटल्याने मुलांचे काम लहान होत नाही. परीक्षकांना ते नेमके तेवढेच दिसते. माझी विनंती इतकीच, की हे पान शेवटच्या रात्री आठवून लिहू नये. प्रयोगवहीत तारखेपुढे जसा निष्कर्ष लिहितो, तसे त्या दिवशी मदत करणाऱ्याचे नाव आणि काम तेथेच लिहावे.

आणखी एक देणे राहिले आहे. ज्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरींचे पाणी तपासायला दिले, त्यांना नुसते धन्यवाद पुरणार नाहीत. बदललेले जिवाणू जैवसुरक्षा समितीच्या परवानगीने प्रयोगशाळेतच वापरले, ते गावात नेले नाहीत, ही गोष्ट त्यांना समजावून सांगायची आहे, आणि प्रत्येक विहिरीचा आकडा प्रमाणित पद्धतीने पुन्हा तपासून तिच्या मालकाच्या हाती द्यायचा आहे. हे सारे सांगणाऱ्या पत्रकाचे गुजराती भाषांतर अर्धे झाले आहे. ज्यांची गुजराती चांगली आहे आणि एखादा रविवार मोकळा आहे, त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलाशी मुलांना भेटावे. तेथे वही ठेवली आहे, तिच्यात आपले नाव आणि आपण कोणते पान भाषांतरित करणार ते लिहून द्यावे.