विद्यापीठाचा सर्व्हर, पोरांचा खिसा

मुंबई विद्यापीठ म्हटलं की सगळे राजाबाई टॉवरचाच फोटो टाकतात. या व्हिडिओत आम्हीपण पहिला शॉट तोच घेतलाय, १८५७ सालचं विद्यापीठ, फोर्टमधली दगडी बिल्डिंग, कॅमेऱ्यात छानच दिसते ती. पण विद्यार्थ्याचं काम तिथे फारसं पडत नाही. ते पडतं सांताक्रूझला, कलिना कॅम्पसमधल्या परीक्षा भवनात. हॉल तिकीट, रिझल्ट, मार्कशीट, रिव्हॅल म्हणजे फेरतपासणी, सगळ्याची गाडी शेवटी इथेच येऊन थांबते. या कामांत आयटी आली, त्याने पोरांचे पैसे वाचले की बुडाले, तोच हा हिशोब.

आता हा नकाशा बघा. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, असे ७ जिल्हे या एका विद्यापीठाखाली येतात. १९८५ला गोवा विद्यापीठ झालं, त्याआधी तर मडगाव-पणजीची कॉलेजंसुद्धा मुंबईलाच जोडलेली होती. म्हणजे सावंतवाडीच्या पोराला मार्कशीटवरची नावातली चूक दुरुस्त करायची असेल तर रात्रीची गाडी पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, लोकलने सांताक्रूझ, मग रिक्षा, मग खिडकीपुढची लाइन, आणि खिडकीतून 'उद्या या' असं ऐकू आलं की रात्री राहायचं कुठे? गाडीभाडं, खाणं, सोबत आलेल्या बापाचा बुडालेला रोज, यातला एकही रुपया विद्यापीठाच्या बजेटमधे दिसत नाही. आयटीने काय वाचवलं आणि काय बुडवलं हे फक्त विद्यापीठाच्या वहीत शोधलं तर अर्धंच सापडतं, कारण वाचतं तेही पोरांचं आणि बुडतं तेही त्यांचंच.

वाचण्याचं एक उदाहरण घ्या. पूर्वी प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे गाड्यांतून सेंटरवर जायचे, कोकणातल्या रस्त्यांनी, सोबत माणूस, वर पेपर फुटायची भीती. मग डिजिटल पेपर डिलिव्हरी आली. पेपर सुरू व्हायच्या थोडा वेळ आधी फाइल कॉलेजच्या लॉगिनला येते, वॉटरमार्कसकट, आणि कॉलेजातच प्रिंट काढून वाटायची. फाइल येते तशी धाकधूकही येते, लाइट गेली, नेट गेलं, प्रिंटरने ऐन वेळी मान टाकली की वर्गात पोरं पेन हातात धरून बसलेली. पण गठ्ठे फिरवायचा खर्च आणि जोखीम गेली हे मान्यच करायला पाहिजे.

आणि आता २०१७. हे जरा नीट सांगावं लागेल.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने ठरवलं की यंदा सगळ्या शाखांचे पेपर स्क्रीनवरच तपासायचे. ऑनस्क्रीन मार्किंग, ओएसएम. आयडिया वाईट नव्हती, उलट चांगलीच होती आणि इंजिनिअरिंगला ती आधीपासून वापरातही होती. उत्तरपत्रिकेला बारकोड, तिची पानं स्कॅन, प्राध्यापक कॅप सेंटरमधे, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रात, लॉगिन करणार, पेपर कोणाचा ते त्यांना कळणार नाही, बेरीज कॉम्प्युटर करणार, म्हणजे टोटल चुकायचा प्रश्नच मिटला. पण आकडा होता साधारण १७ लाख उत्तरपत्रिकांचा! आणि स्कॅनिंगचं कंत्राट पक्कं होईपर्यंत परीक्षा सुरूसुद्धा झाल्या होत्या. इतका मोठा बदल एका झटक्यात, ट्रायल नाही, प्राध्यापकांना धड ट्रेनिंग नाही, स्कॅनिंगच मागे पडलं तर तपासणार काय? कोणाची पानं दुसऱ्याच्या पेपरात, काही उत्तरपत्रिका तर सापडेचनात.

कायद्यानुसार रिझल्ट ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. इथे जून गेला, जुलै गेला. राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैची डेडलाइन दिली, तीही हुकली. तपासणीसाठी कॉलेजातली लेक्चर काही दिवस बंद ठेवली. कॉमर्स आणि लॉचे निकाल सगळ्यात जास्त रखडले, सप्टेंबर उजाडला. यातली गंमत म्हणजे मुंबईचे पेपर नागपूरच्या प्राध्यापकांनीही तपासून दिले, गठ्ठा न हलवता, स्क्रीनवरच. म्हणजे टेक्नॉलॉजीत दम होता. घाई माणसांनी केली. ऑक्टोबरमधे कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं, टीव्हीवर तीच बातमी मोठी झाली.

आमच्या मते मोठी बातमी दुसरी होती आणि तिचा हिशोब कोणी मांडलाच नाही. बीकॉम झालेल्या मुलीला ऑफर लेटर मिळालंय पण कंपनीला फायनल मार्कशीट पाहिजे. परदेशी युनिव्हर्सिटीत सीट आहे, तिथे तारीख थांबत नाही. लॉच्या पोराला वकिलीच्या सनदेसाठीही निकाल लागतो आणि एलएलएमसाठीही. या प्रत्येकाचे दोन-तीन पगार किंवा अख्खं वर्ष गेलं असेल तर ते कंत्राटाच्या रकमेत धरायचं की नाही? आम्ही म्हणतो धरायचं, आणि टेंडर काढायच्या आधीच धरायचं.

आता कॉलेजच्या गेटसमोरचं हे दुकान बघा. झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि खाली 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. पोर्टल आलं आणि यांना नवीन धंदा मिळाला. पोराच्या हातात स्मार्टफोन आहे, तरी फोटो अमुक केबीचा, सही तमुक केबीची, पेमेंट अडकलं, ओटीपी आलाच नाही, शेवटी तो इथेच येतो आणि वरचे पैसे देतो. एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स केलेल्या कितीतरी पोरापोरींचं घर अशा दुकानांवर चालतं, ते चांगलंच आहे. पण हा पोर्टलचा लपलेला चार्जही आहे. फॉर्म सोपा केला तर हे पैसे पोराच्याच खिशात राहतील.

डिजिलॉकरने, म्हणजे कागदपत्रं मोबाइलवर ठेवायच्या सरकारी अ‍ॅपने, मात्र खरंच पैसे वाचवले. २०२२ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलं की डिजिलॉकरमधली पदवी आणि मार्कशीट वैध धरा, म्हणजे कागदासाठी खेटे नकोत. जुन्या बॅचवाल्यांचे खेटे अजून चालू आहेत, कारण जुनं रेकॉर्ड कागदावर.

जाता जाता लायब्ररी. जानेवारी २०२५पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झाली, म्हणजे संशोधनाच्या जर्नल्सची देशभरासाठी एकच वर्गणी, ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, साधारण १३,००० जर्नल्स. पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी, आणि कोकणातली बहुतेक कॉलेजं चालवतात खासगी शिक्षण संस्था. त्यातल्या अनुदानित कॉलेजांना एन-लिस्ट ही ऑनलाइन लायब्ररीची वेगळी योजना आहे, वर्षाला जेमतेम काही हजार भरले की ६,००० च्या वर जर्नल्स आणि ढिगाने ई-बुक्स. याचं लॉगिन प्रत्येक पोराला मिळू शकतं, कॉलेजने पैसे भरलेले असतात, आणि लायब्ररीतल्या मॅडम सांगतात की मागायलाच कोणी येत नाही.