बद्धकोष्ठ: चूर्ण बदलण्याआधी कुठे अडतंय ते बघा

(टेबलावर इसबगोलचं पाकीट, पाण्याचा मोठा ग्लास, लाकडी पाट)

राम राम मंडळी. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, मेडिकलवर थोडा वेळ थांबा. "पोट साफ व्हायचं काहीतरी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. त्याला चूर्णाची डबी मिळते. काही दिवस बरे जातात, मग चमचे वाढतात, मग डबी बदलते. आज डबी बाजूला ठेवू आणि अडतंय नेमकं कुठे ते बघू. मळ कोरडा आहे, आतडं मंद आहे, की बाहेरचं दारच उघडत नाही? तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

रोज सकाळी झालंच पाहिजे, असा काही नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं ठीक. उलट रोज जाऊनही बद्धकोष्ठ असू शकतं: कुंथावं लागतं, खडे पडतात, अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, कधी बोटाने काढावं लागतं. हे तीन महिने चाललं, की त्याला जुनाट म्हणायचं.

दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, कुंथलं का, आणि मळ कसा होता. त्यासाठी डॉक्टर ब्रिस्टल तक्ता वापरतात, १ ते ७ प्रकार. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे तेच खडे चिकटून झालेला जाड गोळा, ३ आणि ४ चांगले, ७ म्हणजे नुसतं पाणी. लाजायचं काही नाही, डॉक्टरला या वहीतून जे कळतं ते पोट दाबून कळत नाही.

वहीत १ आणि २ जास्त दिसले, तर मळ कोरडा आहे. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषण्याचं. मळ जितका वेळ आत, तितका तो वाळतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, शेतात घाम निथळतो, आणि अनेक बाया दिवसभर पाणी पीतच नाहीत, कारण आडोसा नाही. किती लिटर प्यावं, याचा एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

आता जेवण. तंतू, म्हणजे फायबर, दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हवेत. ज्वारी, बाजरी आणि न चाळलेली कणीक, तिन्हींत १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. मैदा आणि पांढरा तांदूळ, दोन्हींत ३ ग्रॅमच्या आत. म्हणजे भाकरी बरी की पोळी, हा वाद फुकटचा. कोंडा चाळून गुरांना घालता का, ते सांगा. मांड्यांचं बारीक चाळलेलं पीठ सणापुरतं ठीक. कळण्याची भाकरी मात्र उत्तम, तिच्यात उडीद सालासकट असतो. आणि शेवभाजी ताटात आली म्हणजे पालेभाजीचं काम झालं, असं धरू नका.

केळीबद्दल बोललो नाही, तर रावेर-यावलचे लोक रागावतील. मध्यम केळात ३ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. फळ छान आहे, पण रात्री दोन केळी खाऊन सकाळी पोट मोकळं, असा हिशोब जमत नाही. पेरू याबाबतीत सरस, बियांसकट खायचा.

(इसबगोलचं पाकीट हातात)

जेवणातून भागत नसेल, तर हे. पहिला आठवडा रोज एक छोटा चमचा. मग दर आठवड्याला थोडं वाढवत दिवसाला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅमपर्यंत. २५० मिलीच्या भरल्या ग्लासात ढवळायचं, फुगून घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर आणखी पाणी. लोक चुकतात ते इथेच: घोटभर पाण्यात घेतात, किंवा पहिल्याच दिवशी तीन चमचे. मग घशात अडकतं, पोट फुगतं, आणि "आपल्याला मानवत नाही" म्हणून पाकीट फडताळात जातं. गिळायला त्रास असेल त्यांनी घेऊच नका. बाकीच्या गोळ्या दोन तास आगेमागे ठेवा. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात. उपयोग झाला की नाही, हे महिनाभराने ठरवा.

तंतू आणि पाणी नीट घेऊनही नुसतं फुगत असेल, तर आणखी कोंडा खाऊ नका. आतडं मंद असेल किंवा दार अडत असेल, तर जास्त तंतूंनी त्रास वाढू शकतो.

मंद आतड्याला वेळेची मदत घ्या. उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठं आतडं जोर धरतं. म्हणून चहा-न्याहारीनंतर २० ते ३० मिनिटांत बसा, १० मिनिटांपेक्षा जास्त नाही, मोबाईल बाहेर. कळ आली की दाबू नका. काहींना मशेरी किंवा तंबाखूशिवाय होत नाही. निकोटिनने आतडं हलतं हे खरं, पण त्यासाठी तोंडाचा कॅन्सर ओढवून घ्यायचा का?

(पाट पायाखाली घेऊन)

कमोड असेल, तर पायाखाली २० सेंटीमीटर उंचीचा पाट. गुडघे कमरेच्या वर, कोपरं गुडघ्यांवर, थोडं पुढे वाकून. उकिडवं बसलं की गुदाशयाला वळण देणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. श्वास कोंडू नका.

आता ज्या कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. मळ मऊ आहे, तरी बाहेर येत नाही. दाराशी अडल्यासारखं वाटतं. काहींचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोर लावताना सैल पडायच्या ऐवजी आवळतात. चूर्णाने हे सुटत नाही. गुदाशयात ५० मिली पाण्याचा फुगा ठेवून तो बाहेर टाकता येतो का, अशी साधी तपासणी असते. इलाज बायोफीडबॅकचा, म्हणजे स्नायूंना पुन्हा शिकवण्याचा, आणि बऱ्याच जणांना त्याचा चांगला फायदा होतो. पोटविकारतज्ज्ञांना याबद्दल थेट विचारा.

चूर्णाकडे येऊ. बहुतेक डब्यांत सोनामुखी असते; ती आतड्याला ढोसून आकुंचन पावायला लावते. आतडं कायमचं निकामी होतं, असा ठोस पुरावा नाही. पण एकदा पूर्ण रिकामं झालेलं आतडं भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत होत नाही, माणूस घाबरतो, पुन्हा चमचा घेतो. अडकतो तो इथे. अधूनमधून ठीक; रोजसाठी पाणी ओढून मळ मऊ ठेवणारी औषधं बरी. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, मोठ्या माणसाला १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात, किंवा लॅक्टुलोज १५ ते ३० मिली; लॅक्टुलोजने गॅस होतो. सुरू मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. लोह, कॅल्शियम, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, नैराश्याच्या काही गोळ्या, यांनीही अडतं. थायरॉईड आणि साखर एकदा तपासून घ्या.

घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील, तर नीट ऐका. दिवसेंदिवस होत नव्हतं आणि अचानक पातळ गळायला लागलं, तर ती हगवण नसेलही. आत मळाचा दगड बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. जुलाब थांबवायची गोळी दिली, की दगड आणखी पक्का होतो. आधी डॉक्टरांनी गुदद्वार तपासायला हवं.

मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सवय बदलणं, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून तपासणी करा. आणि पोट टम्म फुगलंय, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, तर घरी एरंडेल नको, एनिमा नको. रात्रीचे दोन वाजले असले, तरी दवाखाना गाठा.