फ्रेंचमध्ये ‘चालणं’: इंग्रजीमार्गे जाऊ नका, मराठीतून थेट या

[फळ्यावर एकच वाक्य: ‘मी चालत शाळेत गेले.’]

नमस्कार मंडळी. फळ्यावरचं वाक्य वाचलंत? ‘मी चालत शाळेत गेले.’ फ्रेंचची नवी तुकडी सुरू झाली की पहिल्या महिन्यात मी हे वाक्य देते आणि म्हणते, करा फ्रेंच. मुलं हुशार असतात, अभ्यास करून आलेली असतात. तरी दहातली सात-आठ लिहितात: ‘जे मार्शे आ लेकॉल’.

‘मार्शे’ म्हणजे चालणं. बरोबर. ‘लेकॉल’ म्हणजे शाळा. तेही बरोबर. काळ बरोबर, क्रियापदाचं रूप बरोबर. आणि तरी हे वाक्य फ्रेंच माणसाच्या कानाला खटकतं. त्याला ऐकू येतं की ही बाई शाळेत चालली. म्हणजे शाळेच्या आवारात, इकडून तिकडे. घरून निघून शाळेत पोचली, हे त्याला त्यातून कळतच नाही.

चूक कुठून आली ते सांगते. मुलांनी मराठी वाक्याचं आधी मनातल्या मनात इंग्रजी केलं, ‘आय वॉक्ड टू स्कूल’, आणि मग त्या इंग्रजीचं फ्रेंच केलं. पुण्याहून साताऱ्याला जायचं आणि वाटेत मुंबई घ्यायची, तसं झालं हे.

आता खरं फ्रेंच वाक्य ऐका. ‘ज स्वी आले आ लेकॉल आ प्ये.’ शब्दाला शब्द लावते: मी गेले, शाळेत, पायी. ‘प्ये’ म्हणजे पाय, ‘आ प्ये’ म्हणजे पायी. मुख्य क्रियापद ‘जाणं’ आहे. कसे गेलात, ते मागून येतं, ‘पायी’. आपणही हेच म्हणतो ना? चालत गेले, पायी गेले. आपलंही वाक्य ‘गेले’वरच उभं आहे. आणि हा ‘प्ये’ आणि आपला ‘पाय’ नात्यातले आहेत बरं का. एक लॅटिनमधून आला, दुसरा संस्कृत ‘पाद’मधून, आणि दोन्हींचं मूळ एकच. इंग्रजीतला ‘फूट’सुद्धा त्याच घरातला.

अजून एक साम्य. मी बाई आहे म्हणून ‘गेले’ म्हणते, माझा भाऊ ‘गेलो’ म्हणेल. फ्रेंचमध्येही ‘आले’ लिहिताना बाईसाठी शेवटी एक अक्षर जास्त लागतं. उच्चार तोच राहतो, पण लिहिताना विसरलात की गुण गेलाच. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे आठवून आठवून करावं लागतं. आपल्या कानाला मात्र क्रियापदाने लिंग दाखवायची सवय आहे, ती इथे वापरा.

[फळ्यावर तीन ओळी]

लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1985 साली हा फरक नीट मांडला. हालचालीत दोन गोष्टी असतात: वाट आणि तऱ्हा. आत, बाहेर, वर, पलीकडे ही झाली वाट. लंगडत, पळत, रांगत ही झाली तऱ्हा. इंग्रजी तऱ्हा क्रियापदात घालते आणि वाट एका छोट्या शब्दावर सोपवते. फ्रेंच बरोबर उलट करते: वाट क्रियापदात, आणि तऱ्हा जमली तर मागून.

एक म्हातारा लंगडत रस्ता ओलांडतोय, असं डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी म्हणणार, ‘ही लिम्प्ड अक्रॉस द स्ट्रीट’. त्याचं लंगडणं हेच क्रियापद, आणि ओलांडणं त्या एवढ्याशा ‘अक्रॉस’मध्ये. फ्रेंच: ‘इल आ त्राव्हेर्से ला र्यू आँ ब्वाताँ’. ‘त्राव्हेर्से’ म्हणजे ओलांडला, ‘आँ ब्वाताँ’ म्हणजे लंगडत. आता मराठी: त्याने लंगडत रस्ता ओलांडला. बघा! शब्दांचा क्रम सोडला तर सांगाडा अगदी तोच.

विमानालाही हाच नियम. 25 जुलै 1909 रोजी लुई ब्लेरिओ विमानातून फ्रान्सहून इंग्लंडला गेला. इंग्रजी म्हणते तो मधल्या इंग्लिश खाडीवरून ‘फ्ल्यू अक्रॉस’ झाला. फ्रेंच म्हणते त्याने खाडी ओलांडली, विमानाने. भाषांतर शिकवणारे या अदलाबदलीला ‘शासे-क्र्वाझे’ म्हणतात. तो मुळात नाचातला शब्द आहे, जोडीदार एकमेकांची जागा घेतात ती चाल. जुलै संपून ऑगस्ट लागताना सुट्टीवरून परतणारे आणि सुट्टीला निघालेले फ्रेंच लोक महामार्गांवर एकदमच उतरतात, त्या गर्दीलाही हाच शब्द.

मग प्रश्न येतो, इंग्रजीत चालण्याचे इतके शब्द आहेत, स्ट्रोल, ट्रज, स्ट्राइड, शफल, वॉडल, फ्रेंच गरीब आहे का? नाही हो. फ्रेंचकडे ‘फ्लाने’ आहे, कामाशिवाय, वेळेशिवाय, शहर बघत रमतगमत फिरणं. आणि दुसरं एक साधन आहे, जे मला फार आवडतं: ‘आ पा द...’, म्हणजे अमक्याच्या पावलांनी. ‘आ पा द लू’, लांडग्याच्या पावलांनी. याचा अर्थ सांगायलाच नको, तुमच्या तोंडात शब्द आला असेल. चोरपावलांनी! त्यांचा लांडगा, आपला चोर. ‘आ पा द तोर्त्यू’ म्हणजे कासवाच्या पावलांनी, आपली कासवगती. ‘आ पा द झेआँ’ म्हणजे राक्षसाच्या पावलांनी, भल्यामोठ्या ढांगा टाकत. आणि लंगडी घालत जायचं असेल तर ‘आ क्लोश-प्ये’. लंगडी खेळलेल्या माणसाला हा शब्द एकदा ऐकून पाठ होतो.

आता येऊ माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे. ‘मार्शे’चा दुसरा अर्थ.

घड्याळ बंद पडलं की आपण म्हणतो, घड्याळ चालत नाही. फ्रेंच माणूस म्हणतो, ‘मा माँत्र न मार्श पा’. घड्याळ चालत नाही! तेच क्रियापद, माणसाच्या चालण्याचंच. इंग्रजाचं घड्याळ ‘वॉक’ करत नाही, ते ‘वर्क’ करतं. त्याची गाडीही चालत नाही, ‘रन’ होते, धावते. फोन, लिफ्ट, धंदा, युक्ती, फ्रेंचमध्ये सगळं चालतं किंवा चालत नाही. सुटलेली, वेगात असलेली रेल्वे म्हणजे ‘त्रँ आँ मार्श’, आपली चालती गाडी. रेल्वेचं तिकीट काढताना तिथे विचारतात की बसायला ‘साँस द ला मार्श’ हवं का, म्हणजे गाडी ज्या दिशेने चालते त्या दिशेला तोंड करून.

आणि समजा तुम्ही म्हणालात, संध्याकाळी पाचला भेटू या. समोरचा फ्रेंच माणूस म्हणणार, ‘सा मार्श!’ हे आपल्याला आपोआप कळतं. चालेल! कोल्हापूरकडे तर ‘चालतंय की’ म्हणतात, आणि ‘सा मार्श’ वर्तमानकाळातच आहे, म्हणजे अगदी कोल्हापुरीच झालं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा वाक्प्रचार म्हणून वेगळा पाठ करावा लागतो. मराठी माणसाला तो कळलेलाच असतो, फक्त कुणीतरी सांगावं लागतं की तुझी भाषा इथे उपयोगाची आहे. मी स्वतः फ्रेंच शिकले ती इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून, आणि हे कुणी सांगितलं असतं तर किती वर्षं वाचली असती, हा विचार मला अजून येतो. म्हणून हा व्हिडिओ.

पण ही जोडी कुठे तुटते तेही ऐका, नाहीतर फसाल. पाहुण्याला आपण विचारतो, ‘तुम्हाला मासे चालतात का?’ इथे ‘मार्शे’ वापरलंत तर समोरच्याला मासे खरोखर चालताना दिसतील. फ्रेंचमध्ये सरळ विचारायचं, तुम्ही मासे खाता का. ‘काय चाललंय?’ यालाही ‘मार्शे’ नाही, तिथे ‘जाणं’ येतं, ‘सा व्हा?’ आणि उलट दिशेने बघितलं तर, ‘त्यु म फे मार्शे’ म्हणजे शब्दशः ‘तू मला चालवतोयस’. अर्थ काय? तू माझी फिरकी घेतोयस. आपल्याकडे फिरवतात, त्यांच्याकडे चालवतात.

अशीच फसवी जोडी पुढे आहे. हे जरा सावकाश घेऊ.

[फळ्यावर: ‘फेर ले साँ पा’]

‘साँ’ म्हणजे शंभर. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘फेर’ म्हणजे करणं. शंभर पावलं करणं. काय आठवलं? शतपावली! माझ्या वर्गात हे सांगितलं की एकदम चेहरे उजळतात. रात्री जेवण झालं, आजोबा गॅलरीत हात पाठीमागे बांधून शतपावली घालतायत.

तर नाही. फ्रेंच शंभर पावलांना जेवण पचलेलं नसतं, उलट घास उतरत नसतो. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद आहे, वर लाल दिवा लागलाय, आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात एक माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातोय, वळतोय, पुन्हा येतोय. दाराकडे बघतोय, घड्याळाकडे बघतोय. तो ‘फेर ले साँ पा’ करतोय. याला मराठी शब्द येरझाऱ्या. आकडा शतपावलीचा, पण जीव येरझाऱ्यांचा.

फ्रान्समध्ये मोठ्या रेल्वे स्थानकांत आणि न्यायालयांत एक प्रशस्त दालन असतं. त्याचं नाव ‘साल दे पा पेर्द्यू’, हरवलेल्या पावलांचं दालन. पॅरिसच्या सां-लाझार स्थानकात आहे. गाडीची, निकालाची वाट बघत लोक तिथे येरझाऱ्या घालतात, आणि ती पावलं कुठेच पोचत नाहीत. मला हे नाव पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते.

हे ‘पा’ लक्षात ठेवा, कारण फ्रेंच शिकणारा प्रत्येक जण ते पहिल्या आठवड्यात शिकतो, फक्त ते पाऊल आहे हे त्याला माहीत नसतं. ‘ज न मार्श पा’, मी चालत नाही. मघाशी घड्याळालाही लावलं होतं. नकाराचा हा ‘पा’ म्हणजे मुळात पाऊलच!

झालं असं. जुन्या फ्रेंचमध्ये नकाराला एकटा ‘न’ पुरत असे. मग जोर द्यायला लोक म्हणू लागले, मी पाऊलभरही चालत नाही. थेंबभरही पीत नाही. कणभरही खात नाही. आपणही म्हणतो ना, तो जागचा पाऊलभर हलला नाही, घरात थेंबभर पाणी नाही, डब्यात शितभर भात नाही. अगदी तसंच. पण फ्रेंचमध्ये त्यातलं ‘पाऊल’ पसरत पसरत सगळ्या क्रियापदांना चिकटलं. खाणं, झोपणं, समजणं, जिथे पावलाचा संबंधच नाही तिथेही. आणि आज रोजच्या बोलण्यात तो मूळचा ‘न’च गळून पडतो. लोक नुसतं ‘ज मार्श पा’ म्हणतात. इतिहासाच्या हिशेबाने ते म्हणतायत ‘मी चालतो, पाऊल’, आणि अर्थ निघतो ‘मी चालत नाही’. जोर द्यायला आलेला पाहुणा घराचा मालक झाला.

वाक्प्रचार अजून पुष्कळ आहेत, त्यातले थोडे भराभर सांगते.

2023 च्या शेवटी फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी गावोगावच्या नावांच्या पाट्या काढून उलट्या लावल्या. घोषणा होती ‘ओं मार्श स्यूर ला तेत’, आपण डोक्यावर चालतोय. म्हणजे सगळा कारभारच उफराटा झालाय. मराठीत आपण उलटी गंगा वाहवतो, त्यांनी गावं उलटी टांगली.

‘प्रॉमने’ म्हणजे फिरायला नेणं, कुत्र्याला फिरवणं. इंग्रज कुत्र्याला ‘वॉक’ करतो, आपण आणि फ्रेंच फिरवतो. त्यावरून कुणाला ‘आँव्वाये प्रॉमने’ करणं म्हणजे शब्दशः फिरायला पाठवणं, आणि अर्थ? चालतं करणं! ‘चल, चालता हो’ यातलं चालतं. नाजूक विषय निघाला की फ्रेंच माणूस अंड्यांवरून चालतो, इंग्रज अंड्यांच्या टरफलांवरून, आणि आपण नुसतं जपून पाऊल टाकतो. ‘आय विल वॉक यू होम’ याला मात्र फ्रेंचमध्ये चालणं शोधू नका. तिथे ‘राकोंपान्ये’ येतं, सोबत करून परत पोचवणं. आपणही म्हणतो, ‘थांब, घरापर्यंत सोडतो तुला.’

‘मार्श’ हे नाम म्हणून आलं तर पायरी. पॅरिसच्या मेट्रोत उतरताना कानावर पडतं, ‘आताँस्यों आ ला मार्श’, पायरी सांभाळा. तेच नाम मोर्चालाही, आणि ‘मार्श आर्येर’ म्हणजे गाडीचा रिव्हर्स गिअर.

आणि जी मुलं शिकायला फ्रान्सला निघाली आहेत, त्यांनी ‘देमार्श’ हा शब्द आत्ताच वहीत लिहून घ्या. त्याचा एक अर्थ माणसाची चालण्याची ढब. दुसरा अर्थ सरकारी कामासाठी करावी लागणारी सगळी खटपट. निवासपरवाना, बँकेतलं खातं, घरभाड्याची सवलत, या सगळ्याला ‘देमार्श’, बहुतेक वेळा अनेकवचनी. मराठीत खेटे घालणं म्हणतो, किंवा उंबरठे झिजवणं. कागदांची फाइल घेऊन तिसऱ्यांदा त्याच खिडकीशी उभे राहाल तेव्हा कळेल की या शब्दात पाय का आहेत.

आता वही काढा. मी एक वाक्य सांगते, व्हिडिओ थांबवून फ्रेंच करा. इंग्रजी मनात येऊ द्यायचं नाही. ‘आजी लंगडत घरात शिरली.’

झालं? शिरणं ही वाट, ते क्रियापद. लंगडत ही तऱ्हा, ती मागे. ‘मा ग्राँ-मेर एताँत्रे दाँ ला मेझों आँ ब्वाताँ.’ आता दुसरं, हे तुमचं तुम्ही करायचं: ‘बाबा पहाटे चोरपावलांनी जिना उतरले.’ लांडगा विसरू नका.