क्रॉसबारला लटकलेला आर्थर व्हार्टन

श्रोतेहो, नमस्कार. आज गोष्ट आर्थर व्हार्टनची. पहिला कृष्णवर्णी व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचं नाव घेतात. जन्म १८६५ चा, आक्रा शहरातला, म्हणजे आजच्या घानातला. वडील मेथडिस्ट मिशनरी. मुलगा इंग्लंडला गेला शिकायला आणि रमला मैदानात. १८८६ साली लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर त्यानं १०० यार्ड १० सेकंदांत कापले. वाऱ्यासारखा पळणारा हा गडी फुटबॉलमध्ये उभा कुठे राहायचा? गोलमध्ये! हो, गोलकीपर!

आता खरी गंमत ऐका. त्या काळी गोलकीपरला कसलंच संरक्षण नव्हतं. फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारे, खांदा मारून त्याला चेंडूसकट गोलमध्ये लोटायचे आणि ते नियमात बसायचं. शेफील्डला ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावर सामना चाललाय, रॉदरहॅम विरुद्ध शेफील्ड वेन्सडे. रॉदरहॅमच्या गोलमध्ये आर्थर. वेन्सडेचे तिघे, इंगहॅम, ममफर्ड आणि बेनेट, एकदम त्याच्यावर चालून आले. आर्थरनं काय करावं? उडी मारली, क्रॉसबार, म्हणजे गोलचा वरचा आडवा दांडा, दोन्ही हातांनी धरला, आणि चेंडू पकडला तो पायांत! हातांनी नव्हे श्रोतेहो, दोन पायांच्या मध्ये! तिघे धावत आलेले, थांबणार कसे? पडले थेट जाळ्यात. चेंडू बाहेर, फॉरवर्ड आत!

हे आपल्याला कसं कळलं? तो सामना पाहिलेल्या एका प्रेक्षकानं १९४२ साली शेफील्डच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पन्नासहून अधिक वर्षं फुटबॉल पाहतोय, असा बचाव पुन्हा दिसला नाही, असं तो म्हणतो. मी नेहमी सांगतो, वर्तमानपत्रांना पत्रं लिहा. घरातल्या आजोबांना लिहायला बसवा. काय पाहिलं, कुठे पाहिलं, नावानिशी लिहा. ही सवय मोडली, हे फार वाईट झालं.

तर आर्थर. प्रेस्टन क्लबकडून तो एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत खेळला, १८८९ मध्ये रॉदरहॅमकडे व्यावसायिक झाला, पुढे शेफील्ड युनायटेडकडे गेला. त्याच्या उड्यांवर लोक खूश, पण एका क्रीडापत्रानं त्याच खेळावर टीका करताना त्याच्या कातडीचा रंग काढला. इंग्लंडच्या संघात त्याला कधीच घेतलं नाही. मला याची चीड येते. १९०२ ला खेळ थांबला, मग कोळशाच्या खाणीत मजुरी. १९३० मध्ये एडलिंग्टनला तो वारला. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला १९९७ मध्ये, लोकांनी मोहीम चालवली तेव्हा. २०१४ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्कला, त्याचा पुतळा आहे.