केशवराव भोसलेला प्रयोग आहे

नमस्कार, श्रोतेहो. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापुरात कोण विसरेल? खासबाग मैदानाला लागून असलेलं आपलं नाट्यगृह पेटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला आहे त्यांची जयंती होती.

आपण सहज म्हणतो, ‘आज केशवराव भोसलेला प्रयोग आहे.’ म्हणता म्हणता ते नाव भिंतींचं, खुर्च्यांचं होऊन गेलं. आज त्या नावाच्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

केशवरावांचा जन्म १८९० चा, कोल्हापुरातला. घरची गरिबी. लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदा होऊन गाजले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर या कोवळ्या मुलाच्या गळ्यातून गात होती. १९०८ मध्ये, अठराही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हुबळीत स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. तिचे पडदे रंगवायला आपल्याच गावचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू होते. पुढे सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर ते हेच. तेही १८९० चेच. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांना १९५४ पर्यंतचं आयुष्य मिळालं.

८ जुलै १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. एरवी एकमेकांच्या चढाओढीत असलेल्या दोन मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर! त्या रात्रीबद्दल आजही नाटकवाली माणसं स्वतः पाहिल्यासारखी बोलतात, आणि मला ते अजिबात खोटं वाटत नाही.

त्यानंतर पुरते तीन महिनेही गेले नाहीत. विषमज्वरानं गाठलं आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय एकतीस. सातच महिन्यांनी, ६ मे १९२२ ला, मुंबईत शाहू महाराजही गेले. तेव्हा महाराजांचं वय होतं सत्तेचाळीस. हे नाट्यगृह त्यांनीच बांधून घेतलेलं. १९१५ मध्ये उभं राहिलं तेव्हा त्याला ‘पॅलेस थिएटर’ म्हणत. बांधणारा आणि ज्याचं नाव लागलं तो, दोघंही एका वर्षाच्या आत गेले.

केशवरावांच्या मृत्यूला लोक ‘अकाली’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. ज्या वयात पोरं विटीदांडू खेळतात त्या वयात ते तोंडाला रंग लावून उभे होते. एकतिसाव्या वर्षी गेले तेव्हा नाटकातली त्यांची नोकरी वीस वर्षांहून जास्त झालेली होती, आणि त्यातली तेरा वर्षं सबंध मंडळीचं बिऱ्हाड त्यांच्या खांद्यावर होतं. पुढे ‘ललितकलादर्श’ बापूराव पेंढारकरांनी चालवली.

आता कधी खासबागेवरून जाल, तर घटकाभर थांबा. आणि बरोबर घरातलं पोर असेल तर त्याला एवढं सांगा, की केशवराव भोसले हा गाणारा माणूस होता.