तोंडाचं पाणी डोळ्याला

नमस्कार श्रोतेहो.

३१ वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय अजून गेलेली नाही. आत्ता स्टुडिओत आलो तर मॅडम म्हणाल्या, "काका, माईक जवळ आहे, हळू बोला." तेव्हा हळू बोलतो.

बोलायचंय माझ्या कुत्र्याबद्दल. नाव ढब्बू. जात पग, म्हणजे चपट्या नाकाचं, बटाट्याएवढ्या डोळ्यांचं, मोबाइलच्या जाहिरातीत असायचं ते. नातवाच्या हट्टापायी आणलं. नातू शिकायला हैदराबादला गेला, कुत्रं माझ्याकडं राहिलं. ऐकणाऱ्यांत असे आजोबा बरेच असतील.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ढब्बूचा उजवा डोळा सकाळी चिकटायला लागला. पिवळट, हिरवट चिपडं. साधी नव्हेत, बोटानं ओढली तर एकतारी पाकासारखी तार निघायची. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. समोर मोकळा माळ, वर ते ऊन. मी म्हटलं, फुफाटा गेला असेल. आपल्याकडं कशाचंही खापर उन्हावर आणि धुळीवर फोडता येतं, सोय आहे ती.

डॉक्टरांनी ट्यूब दिली. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. "डोळे आलेत, जातील." असे आठ महिने गेले. तोवर गोटीसारखा चकचकीत डोळा धुरकट झाला आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर तपकिरी डाग सरकायला लागला. ढब्बू पायपुसण्यावर तोंड घासत बसायचा. डॉक्टरांना एकट्याला बोल लावत नाही मी. पण त्या आठ महिन्यांत त्या डोळ्यात पाणी आहे किती, हे कुणी मोजलं नाही, आणि मोजा असं मीही म्हटलं नाही. आयुष्यभर पैन्‌पैचा हिशेब डेपोत भरलेला माणूस मी!

मोजलं ते एका नव्या डॉक्टर मुलीनं. तिनं पाकिटातून कागदाची एक अरुंद पट्टी काढली. मला वाटलं, ही तिकीटच फाडतेय. पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवलं आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबली. पट्टी किती भिजते ते बघायचं. निरोगी कुत्र्याची १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. १० च्या खाली आली तर डोळा कोरडा, ५ च्या खाली म्हणजे फारच कोरडा. ढब्बूचा डावा निघाला ९. उजवा २.

"अहो, पण डोळ्यातून एवढी घाण येते, कोरडा कसा?" मी विचारलं. ती म्हणाली, अश्रूत तीन गोष्टी असतात. वरून तेलाचा पातळ थर, मध्ये पाणी, खाली शेंबडासारखा चिकट द्राव. पाणी आटलं की चिकटच उरतं. उन्हाळ्यात गावतळं आटल्यावर काय राहतं? चिखल.

पाणी का आटतं, तर बहुतेक वेळा शरीरातली संरक्षणाची यंत्रणाच अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. पग, कॉकर, ल्हासा, शिह त्झू, बुलडॉग यांच्यात हे जास्त. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार होऊन गेला तरी होतं, सल्फा जातीच्या जंतुनाशक गोळ्यांनीही होऊ शकतं. आणि एक कारण माणसाच्या हातचं आहे. पिल्लाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल बोरासारखी गाठ वर येते, चेरी आय म्हणतात. ती अश्रूंची ग्रंथीच असते, जागेवरून सटकलेली. ती आत बसवून टाके घालायचे असतात. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या कॉकरची लहानपणी कापून टाकली होती, दोन्ही डोळ्यांतली. पुढं काही वर्षांनी दोन्ही डोळे कोरडे पडले.

ढब्बूला सायक्लोस्पोरीनचं मलम सुरू झालं, दिवसातून दोनदा. शिवाय कृत्रिम अश्रूंचे थेंब, दर दोन-तीन तासांनी. मलमाचा गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी बारा, आणि मध्ये बंद केलं तर डोळा पुन्हा आटतो. मी जुन्या वहीत वेबिलासारखे रकाने पाडले. वेळ, थेंब, मलम, चिपडं किती. बायको म्हणायची, "पेन्शन घेतली तरी ड्यूटी सुटली नाही तुमची."

या मलमाची एक गंमत सांगतो. हे औषध मुळात मूत्रपिंड बदललेल्या माणसांसाठीचं. कुत्र्याच्या डोळ्यात ते घालून बघितलं अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या रेने कॅसवन या पशुवैद्य बाईंनी. कुत्र्यांसाठीच्या मलमाला तिकडं १९९५ मध्ये परवानगी मिळाली, माणसांसाठीच्या थेंबांना २००२ मध्ये. आमच्या हिचेही डोळे कोरडे आहेत. तिच्या डॉक्टरांनी तेच औषध दिलं, वेगळ्या ताकदीचं. त्यामुळं घरात दोन्ही औषधं दोन फळ्यांवर ठेवतो, अदलाबदल नको. "कुत्र्याचं औषध मला दिलं," असं ती सगळ्यांना सांगत सुटलीय.

दोन महिन्यांनी डावा डोळा १६ वर आला. उजवा ३. आणखी महिनाभर थांबलो. ३ च.

तेव्हा डॉक्टर मुलीनं ऑपरेशनचं नाव काढलं. ते काय असतं हे सोलापूरकराला समजावणं अगदी सोपं आहे. घरची विहीर आटली तर आपण काय करतो? उजनीवरून पाइप टाकतो. गालात कानाखाली लाळेची मोठी ग्रंथी असते. तिची एक बारीक नळी गालातून पुढं येते आणि वरच्या मोठ्या दाढेसमोर तोंडात उघडते. ती नळी तोंडाकडून सोडवायची, वर वळवायची आणि खालच्या पापणीच्या आतल्या खिशात शिवून टाकायची. लाळ तोंडात पडायच्या ऐवजी डोळ्यात पडते. ही नळी १६६० मध्ये नील्स स्टेन्सन नावाच्या डॅनिश पोरानं शोधली, अ‍ॅमस्टरडॅमला, मेंढीच्या मुंडीत. मुंडी म्हटल्यावर आपल्याला वेगळंच सुचतं, पण असो.

बायको ऐकून ताठ झाली. "लाळ डोळ्यात? उष्टं डोळ्यात घालायचं त्याच्या?"

डॉक्टर मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, तोंडात आल्यावर उष्टी होते ना? ही तोंडात येणारच नाही."

या उत्तरावर आमचं ऑपरेशन ठरलं. खरं सांगतो, खर्चाच्या आकड्यापेक्षा या एका वाक्यावर गाडी अडली होती.

आम्ही पुण्याला गेलो. आधी दात साफ करून घेतले, कारण तोंडातूनच काम. मग नळी चालू आहे का ते बघायला जिभेवर लिंबाचा थेंब टाकला आणि गाल उचलून मला दाखवलं. दाढेसमोर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा आणि त्यातून टपकन पाणी. नळी आत नीट ओळखू यावी म्हणून तिच्यात नायलॉनचा बारीक दोरा सरकवतात. तिला पीळ पडता कामा नये, ताण बसता कामा नये. पिळलेल्या पाइपातून पाणी येत नाही हे काय सांगायला हवं? मला मात्र नळीपेक्षा भुलीची धास्ती होती. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असतोच, भूल जपून द्यावी लागते, शुद्धीवर येतानाही नजर ठेवावी लागते. पावणेदोन तास मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. स्वारगेटला गाडी लागायची वाट बघत इतके तास काढलेत, पण असे नाही.

बाहेर आला तो गालाला टरबूज लावल्यासारखा, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. सांगितलं होतं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्या, म्हणजे नळी वाहती राहील.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ. ढब्बू ओट्याखाली बसलेला. बायकोनं परातीत भाकरी थापायला घेतली. तो थपथप आवाज आला तशी त्यानं मान वर केली. पहिली भाकरी तव्यावर पडली, वास सुटला, आणि त्याच्या उजव्या डोळ्याच्या काठावर एक थेंब फुगत गेला, थरथरला आणि नाकाच्या सुरकुतीत उतरला. मागोमाग दुसरा. डावा डोळा नेहमीसारखा, आणि उजव्यातून धार. बायको हातात पीठ घेऊन तशीच उभी. "अगं बाई, रडतोय की ओ हा!" दुसऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, आमच्या ढब्बूच्या डोळ्याला सुटतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर अर्धं तिकीट दिल्यासारखं होईल.

लाळ म्हणजे अश्रू नव्हेत. तिच्यात क्षार जास्त. बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर धरतो, तसे बुबुळावर आणि पापणीच्या कडेला पांढरे कण धरतात. ढब्बूला पाचव्या महिन्यात दिसायला लागले. ते विरघळवायचे थेंब मिळतात, अधूनमधून घालावे लागतात. आणि खाताना नळ पूर्ण सुटतो. रविवारी मटण असलं की उजवा गाल चिंब. केस ओले राहिले की कातडी लाल होते, वास येतो. शेजारच्या अक्कांचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात होते. अक्कांनी डागी पंच्यांचा गठ्ठाच आणून दिला. "घ्या अण्णा, पोराचं तोंड पुसा." तेव्हापासून माझ्या खांद्यावर पंचा असतो. उलट रात्री खाणं नाही, तर लाळही कमी, म्हणून झोपताना थेंब घालतोच.

मावसबहिणीच्या कॉकरचं दोन्ही डोळ्यांचं झालं, सहा वर्षं झाली, छान आहे. तिचं म्हणणं, आधी थेंबाची बाटली घेऊन मागं पळायचे, आता पंचा घेऊन पळते. लातूरच्या एका गृहस्थांची ओळख दवाखान्याच्या बाकावर झाली. त्यांच्या ल्हासाला धार इतकी लागली की गालावर जखमा झाल्या, क्षारही फार धरले. शेवटी नळी थोडी बांधून प्रवाह कमी करून घेतला. ते म्हणाले, पुन्हा विचारलंत तर नाही म्हणेन. त्यांचंही खरं आहे. त्यांनी मलम तीन आठवडेच घातलं होतं, एवढं मात्र मी मनात टिपून ठेवलं.

ढब्बूच्या बुबुळावरचा जुना डाग पूर्ण गेला नाही. त्या बाजूनं त्याला जरा कमीच दिसतं, उंबऱ्याला धडकतो कधीकधी. पण डोळा टक्क उघडा ठेवतो. पायपुसण्यावर तोंड घासत नाही. ते आठ महिने मला परत मिळाले तर हा डागही नसता.

तेव्हा तुमच्या कुत्र्याच्या डोळ्याला तार धरत असेल आणि चकाकी गेली असेल, तर ट्यूब घेण्याआधी पट्टी लावून मागा. मिलिमीटर किती ते वहीत लिहा. मलम नेमानं किमान दोन महिने घाला. आकडा हललाच नाही तर मग ऑपरेशनचं बोला. पिल्लाची लाल गाठ कापू देऊ नका.

मॅडम काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ झाली. माझीही झाली. सात वाजत आले, घरी परातीचा आवाज सुरू झाला असेल, आणि पंचा माझ्या खांद्यावर आहे. नमस्कार.